रंगरावांचा अशील

रंगरावांच्या जिभेला हाड नाही, हे कुसुमताई लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या. पण त्या सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये ती जीभ जे बोलून गेली, ते ऐकायला कुसुमताई तिथं नव्हत्या. पोरगा होता. ज्यानं ऐकायला नको होतं, नेमकं त्यानंच ते ऐकलं.

आधी त्या बसचं सांगायला हवं. आकुर्डीहून चाकणला जाणारी पहिल्या शिफ्टची बस. मोशी ओलांडली की ट्रक, कंटेनर आणि कांद्याचे टेम्पो असे एकमेकांत घुसून बसतात की विचारू नका. अशा जाममध्ये माणूस झोपतो, मोबाईल बघतो, नाहीतर भांडतो. ह्या बसच्या मागच्या बाकांवर भांडणालाही कायदा होता, आणि त्याचं नाव खटला. सोमवारी विषय निघायचा, बहुतेक गाण्याचाच, कारण मागं बसणारी सगळी मंडळी गाणंवेडी. प्रत्येकानं एकेक कलावंत अशील म्हणून घ्यायचा आणि त्याची वकिली करायची. एकदा घेतलेला अशील शनिवारपर्यंत सोडायचा नाही, मग आभाळ कोसळो. शनिवारी कंपनीचं गेट यायच्या आत साहेबराव निकाल देणार, आणि जो हरला तो पुढचा आठवडाभर चाकावरच्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून.

साहेबराव मूळचे कुरुळीचे, जुन्या घरचे, रिटायरमेंटला टेकलेले. लहानपणापासून भजनात पखवाज वाजवलेला माणूस, त्यामुळं त्यांच्या निकालावर कोणी ब्र काढत नसे. आणि वकिलांमधला वाघ म्हणजे आपले रंगराव. बीडकडून पोटासाठी आले, आकुर्डीत रुजले, पण बोलणं तिकडचंच राहिलं, ऐसपैस आणि रांगडं. स्वतःला एक सूर लावता येत नव्हता, पण गाण्यावर बोलायला लागले की ड्रायव्हरसुद्धा रेडिओ बंद करायचा.

त्यांचा मुलगा रविराज त्याच बसला असायचा. एकुलता एक, चोवीस वर्षांचा, वर्षभरापूर्वीच त्याच कंपनीत असेंब्ली लाइनला लागलेला. गाणं मात्र त्याला देवानंच दिलेलं. चिंचवडच्या एका बाईंकडे तो शिकत होता आणि अलीकडं गणपतीत, सप्ताहात त्याला लांबलांबून बोलावणी यायला लागली होती. तो खटल्यात भाग घेत नसे. खिडकीशी बसून ऐकायचा आणि हसायचा.

पण त्या सोमवारी तो हसत नव्हता, आणि गळ्याला मफलर होता. त्या मफलरच्या आत काय आहे, ते अख्ख्या बसमध्ये त्याच्याशिवाय फक्त रंगरावांना ठाऊक होतं. थायरॉइडची गाठ. सुई घालून तपासणी झाली होती आणि गाठ वाईट निघाली होती. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "वेळेत आलात. आत्ता काढली तर मुलगा म्हातारा होईपर्यंत जगेल. पण गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे. नस वाचवायचा प्रयत्न करू. आवाजाची हमी मी देणार नाही." पुढच्या सोमवारची तारीखही दिली. रविराजनं मान डोलावली आणि "बघू," म्हणाला. तेव्हापासून त्याचं ते "बघू" रंगरावांच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं. जेवताना घास उतरेना. पोरगा शिंकला तरी जीव उडायचा.

त्यात विषय काढायची पाळी गणराजची. हा क्वालिटीतला इंजिनिअर, वयानं लहान, उत्साहानं फार. बस सुटते न सुटते तोच तो उठून उभा राहिला. "ऐका राव! ह्या आठवड्याचा खटला. लवकर गेलेल्या कुठल्या कलावंतामुळं गाण्याचं सगळ्यात मोठं नुकसान झालं? माझा अशील मी घेतला, द. वि. पलुस्कर. चौतिसाव्या वर्षी गेले. बोला!"

 रंगरावांनी चोरून मागं पाहिलं. पोरगा खिडकीबाहेर बघत होता.

निशिगंधा नावाची स्टोअरमधली पोरगी होती, तिनं गीता दत्तचं नाव घेतलं. कोणीतरी सैगल म्हणालं. "रंगराव, तुमी गप का?" साहेबरावांनी विचारलं. "तोंडात गुळणी धरली का काय?"

"मला ह्या वेळी राहू द्या," रंगराव म्हणाले.

"असं कुठं असतंय व्हय? वकिलानंच पळ काढायचा?"

सगळी बस ओरडायला लागली. आता गप्प बसलो तर पोराकडं लक्ष जाईल, कोणीतरी विचारेल, मफलर कशाला, चेहरा का उतरला, ही एक भीती. आणि दुसरं, कशाला खोटं बोला, बोलायची खाजही होतीच. त्यांनी मास्टर मदनचं नाव घेतलं. पंधरा वर्षंही पुरी न झालेलं पोर, मागं मोजक्या ध्वनिमुद्रिका. आणि एकदा नाव घेतल्यावर जीभ सुटली. सवयीनं सुटली. गणराज म्हणाला, की पलुस्करांचं गाणं पिकलेलं होतं, म्हणून नुकसान मोठं. त्यावर रंगराव उसळले.

"अरे, पिकणं म्हणजे पुढं सडणंच की! मोठमोठे गवई म्हातारपणी कसे गातात, ऐकलंस का? सूर एकीकडं, दम एकीकडं, आणि समोरचे लोक मान ठेवायचा म्हणून माना डोलवायलेत. त्यापेक्षा जो ऐन भरात गेला, तो सुटला. त्याचा सूर कधी घसरला नाही. घोगऱ्या आवाजात पन्नास वर्षं काढण्यापेक्षा चौदा वर्षं सोन्याची बरी!"

टाळ्या पडल्या. "वा रंगराव!" साहेबराव म्हणाले. आणि त्या टाळ्यांतच रंगरावांची नजर खिडकीकडं गेली. रविराज त्यांच्याकडंच बघत होता. शांतपणे. त्यानं हळूच मान हलवली, पटलं म्हणून.

 पुढं शिफ्टभर रंगरावांचे हात मशिनवर चालत होते, एवढंच. डोळ्यांसमोर ती मान हलत होती.

संध्याकाळी घरी जे व्हायचं ते झालं. रविराजनं चपला काढल्या, आईला पाणी मागितलं आणि पाणी पिऊन म्हणाला, "मी ऑपरेशन करणार नाही."

कुसुमताईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "काय म्हणालास?"

"आई, मी विचार केलाय. गोळ्या घेईन, पथ्य करीन. जेवढे दिवस मिळतील तेवढे गाईन. आवाज गेल्यावर मी लाइनवर नट आवळत साठ वर्षांचा होणार, त्याला काय अर्थ आहे?" मग वडिलांकडं वळून, अगदी मायेनं म्हणाला, "आप्पा, तुम्हीच म्हणालात ना आज. मला आधी नुसतीच भीती वाटत होती. तुम्ही बोललात आणि सगळं स्वच्छ झालं."

"अरे, तो खटला होता!" रंगराव ओरडले. "खटल्यात माणूस काहीही बोलतोय!"

"खटल्यात तुम्ही मनातलंच बोलता, आप्पा. मी लहानपणापासून ऐकतोय. मास्टर मदनची गोष्ट मला तुम्ही मांडीवर घेऊन सांगितलीय."

ते खरंच होतं. पोरगा आत निघून गेला. कुसुमताईंनी तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की शिव्या परवडल्या. "तुम्हीच बोललात ना?" त्या म्हणाल्या. "मग तुम्हीच ते निस्तरायचं. माझं लेकरू मला पाहिजे. कसंही पाहिजे. बास."

निस्तरायला रंगरावांनी काय करायचं बाकी ठेवलं? दुसऱ्या दिवशी पोराला चहाला घेऊन गेले आणि कुमार गंधर्वांचं सांगायला लागले. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेलं, वर्षानुवर्षं गाणं बंद, आणि मग उठून असं गायले की सगळे थक्क. रविराजनं ऐकून घेतलं. "आप्पा, ते कुमार होते," तो म्हणाला. "आणि त्यांचं फुप्फुस गेलं होतं, नस नाही. माझं तार सप्तक गेलं तर माझ्याकडं काय उरतं, सांगा ना?" मग त्यानं चहाचे पैसे दिले आणि बापाच्या पाठीवर थोपटलं. चोवीस वर्षांचं पोरगं बापाला धीर देत होतं, आता ह्याला काय म्हणावं!

बसमध्ये खटला रंगातच होता. गणराज रोज नवीन काहीतरी शोधून आणायचा, निशिगंधा त्याला खोडून काढायची. गेलेल्या माणसांची नावं अशी हसतखेळत निघायची आणि प्रत्येक नावाला रंगरावांच्या काळजात चर्र व्हायचं. हीच माणसं पुढं कधीतरी ह्याच बाकांवर बसून "आपला रविराज" म्हणतील, च्च च्च करतील, हा विचार मनातून जाईना. त्यांची पाळी आली की ते दोन शब्द बोलून खाली बसायचे. "रंगराव ढिले पडले," असं लोक म्हणायला लागले.

गुरुवारी संध्याकाळी मोशीला एका घरी भजन होतं. रविराज गाणार होता. रंगराव त्याला नको म्हणाले, गळ्याला ताण पडेल म्हणाले, तो ऐकेना. मग तेही गेले, पण आत बसले नाहीत, फाटकापाशी चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिले. आणि पोरगा गायला. आई गं, काय गायला! वरच्या षड्जावर जाऊन तो असा थांबला की पखवाजवाल्याचे हात वरच्यावर राहिले. अंगणातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. रंगरावांना एरवी छाती फुगवायला ह्यातलं निम्मंही पुरलं असतं. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी फाटक घट्ट धरलं. हे असं ज्याच्या गळ्यात आहे, तो ते टाकून द्यायला तयार होणारच नाही, हे त्यांना तिथं कळलं. आणि त्याचं काही चुकतंय असंही त्यांना म्हणता येईना. भ्यायले ते. उभ्या जन्मात भ्यायले नव्हते एवढे भ्यायले.

शुक्रवारी हॉस्पिटलातून फोन आला, सोमवारी येताय ना म्हणून. रविराजनं "कळवतो" म्हणून फोन ठेवला. कुसुमताई देवापुढं बसल्या त्या उठल्याच नाहीत. स्वयंपाक झाला नाही.

शनिवार उजाडला. बस चाकणच्या अलीकडं जाममध्ये अडकली आणि साहेबराव मागं वळून बसले. "चला, शेवटची भाषणं. गणराज झाला, निशिगंधा झाली. रंगराव, उठा."

रंगराव वरची दांडी धरून उभे राहिले.  "साहेबराव, मला अशील बदलायचाय."

एकच गलका झाला. "असं चालत नाही!" "रडीचा डाव!" गणराज तर टाळ्या पिटायला लागला. साहेबरावांनी हात वर केला. "कायदा म्हाईत हाय न्हवं? अशील सोडला की हरला."

"हरलो. पण बोलू द्या."

"बोला. कुणाचं नाव?"

  "रविराज," रंगराव म्हणाले. "माझा पोरगा. वय चोवीस."

 निशिगंधा म्हणाली, "काका, काय अभद्र बोलताय! समोर बसलाय तो!"

"बसलाय. त्याच्या गळ्यात गाठ हाय. परवा काढायचीय. काढली तर जगतोय, पण आवाज जाईल म्हणून काढायला तयार नाही. सोमवारी मी जे बरळलो ना, भरात गेला तो सुटला म्हणून, ते त्यानं मनावर घेतलंय."

"आप्पा, खाली बसा!" रविराज उठला. चेहरा पांढराफटक पडला होता. "बसा म्हणतो ना!"

 साहेबराव हलक्या आवाजात, पण न्यायाधीशाच्याच सुरात म्हणाले, "रंगराव, खटला हाय तो गाण्याच्या नुकसानीचा. ह्यो गेला तर गाण्याचं नुकसान काय, त्ये सांगा."

रंगरावांनी पोराकडं पाहिलं. गुरुवारचा तो षड्ज कानात तसाच होता. आणि ते म्हणाले, "काही नाही."

"काय?"

"गाण्याचं काहीही नुकसान नाही, साहेबराव. मास्टर मदनसाठी लोक अजून हळहळायलेत. ह्याच्यासाठी कोण हळहळणार? चार भजनं म्हणलीत, दोन गणपती गाजवलेत. तेराव्याला लोक जेवून जातील आणि पुढच्या सप्ताहाला मंडळ दुसरं पोरगं उभं करील. बरा गातोय, एवढंच. असं बरं गाणारी पोरं निगडीपासून भोसरीपर्यंत गल्लोगल्ली सापडतेत. हा काही मोठा गवई नाही. कधी होणारही नव्हता. मी बाप म्हणून कौतुक केलं, ह्याला ते खरं वाटलं." त्यांचा आवाज फाटला. "ऐन भरात जायला आधी भर तर यायला पाहिजे की! हा गेला तर नुकसान होईल ते ह्याच्या आईचं आणि माझं. ते तुमच्या खटल्यात बसत नाही. ते कुठंच बसत नाही."

रविराज बापाकडं असा बघत होता, जणू कोणी भर चौकात त्याच्या कानाखाली वाजवली होती.  मग तो बाकांमधून वाट काढत पुढं गेला, ड्रायव्हरला दार उघडायला लावलं आणि ट्रकांच्या गर्दीत उतरून चालायला लागला.

रंगराव त्याच्यामागं धावले. साहेबरावांनी मनगट धरलं. पखवाजाचा हात तो, सुटतो कुठला. "जाऊ दे त्येला."

"साहेबराव, सोडा! तो काहीतरी करून घेईल!"

"न्हाई करायचा. रागावलाय त्यो. रागावलेला माणूस मरायला जात न्हाई, भांडायला जातो. बसा."

त्या दिवशी निकाल लागला नाही. कोणी मागितलाही नाही.

ती शिफ्ट रंगरावांनी कशी काढली, त्यांचं त्यांना ठाऊक. पोराचा फोन बंद. दर थोड्या वेळानं ते सुपरवायझरची नजर चुकवून बाहेर यायचे आणि फोन लावायचे. हायवेकडून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायचे. आपण मोठा डाव खेळलो, आणि तो उलटला तर कुसुमला तोंड कसं दाखवायचं? पोराचं गाणं तर आपण आपल्या तोंडानं मारलंच, आता पोरगाही गेला तर?

घरी आले तर दारात पोराच्या चपला दिसल्या. रंगराव जिन्यावरच बसले. आतून रविराजचा आवाज येत होता. तो आईला सांगत होता, "सोमवारी तू चल माझ्याबरोबर. ते यायचे नाहीत. मला त्यांचं तोंड बघायचं नाही."

ऑपरेशनच्या दिवशी रंगराव हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसून राहिले, दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत. वर जायची बंदी होती, ती त्यांनी पाळली. दुपारी कुसुमताई खाली आल्या. डोळे सुजलेले. "गाठ सगळी निघाली," त्या म्हणाल्या. रंगरावांनी हात जोडले. "आणि नस?" कुसुमताईंनी नाही म्हणून मान हलवली. मग दोघंही तिथंच, लोक येत-जात असताना, ढसाढसा रडले.

त्यानंतरचे दिवस रंगराव कामावरून थेट हॉस्पिटलला यायचे आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. वाटेतल्या खानावळीतून डब्यात गरम भात आणायचे, तो कुसुमताई वर न्यायच्या. एका संध्याकाळी त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "बोलावलंय तुम्हाला."

रविराज उशीला टेकून बसला होता. गळ्याला पट्टी, चेहरा उतरलेला. रंगराव दाराशीच थांबले. पोरानं हातानं जवळ बोलावलं. मग तोंड उघडलं, आणि जो आवाज आला तो रंगरावांनी कधी ऐकला नव्हता. निम्मा वाराच, त्यात खरखर. शब्द मात्र कळत होते.

"आप्पा. बसमध्ये खोटं बोललात ना?"

ह्या प्रश्नाचीच तर धास्ती होती. पायरीवर बसल्या बसल्या रंगरावांनी ह्यावर किती डोकं फोडलं होतं. नाही म्हणावं, तर पोरगा जन्मभर असं धरून बसेल की आपण चारचौघांतलेच होतो. हो म्हणावं, तर काय गेलं ते त्याला कळेल. दोन्हीकडून मरण. पण समोर तो चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यापुढं वकिली सुचेना.

"व्हय," रंगराव म्हणाले. "खोटं बोललो. मोशीला फाटकापाशी उभा होतो मी. तसा सूर मी माझ्या आयुष्यात ऐकला नाही, पोरा. रेकॉर्डवरसुद्धा नाही."

रविराजनं डोळे मिटले. तो रडायला लागला, आवाज न होता, सगळं अंग हलवत. रंगराव घाबरून पुढं धावले आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं.

"रडू नको रे," ते म्हणत राहिले. "रडू नको, बाळा, टाके ओढतील. टाके ओढतील ना."